सभा आणि एकांत : दासबोधाची साक्ष

ग्रंथकार तरुण असतो तोपर्यंत त्यास सभेचे निमंत्रण क्वचितच येते. लिहिण्यास वेळ असतो, उमेद असते. परंतु नाव नसल्यामुळे त्याचे लिखाण कोणी मागत नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षे झिजून तो नाव मिळवितो, आणि ज्या वयात अनुभव परिपक्व होऊन हातून काही टिकाऊ लिहून व्हावे, नेमक्या त्याच वयात उद्घाटने, सत्कार, व्याख्यानमाला, प्रकाशनसमारंभ व पारितोषिक-वितरण यांची रीघ त्याच्या दाराशी लागते. समाजास ग्रंथकाराची ओळख पटते ती बहुधा अशी उशिरा; आणि एकदा पटली म्हणजे पुढील ग्रंथ कधी पुरा होणार हे विचारण्याऐवजी तो अमुक तारखेस मोकळा आहे काय, एवढेच लोक विचारू लागतात. उतारवयातील ग्रंथकाराने या निमंत्रणांचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा दिसतो. आमच्या मते तो वाङ्मयाचा प्रश्न आहे. कारण त्याच्या उत्तरावर कित्येक ग्रंथांचे असणे-नसणे अवलंबून असते.

प्रथम हिशेब पाहू. पुण्यातील एखाद्या सत्तरीच्या कादंबरीकारास जालन्याच्या व्याख्यानमालेने बोलाविले असे समजा. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. भाषण एका तासाचे. पण येण्यास एक दिवस, बोलण्याचा एक दिवस व परतण्यास एक दिवस, असे तीन दिवस सहज जातात. महिन्यास अशी दोन निमंत्रणे स्वीकारली तर वर्षाचे बहात्तर दिवस होतात. हा झाला पंचांगातील हिशेब. ज्यास लेखनाचा अनुभव आहे तो जाणतो, की भाषणाच्या आधीचे दोन दिवस मन त्या भाषणाभोवतीच घोटाळत असते, आणि परतल्यावर तुटलेले प्रकरण पुन्हा हाती घेऊन त्यातील माणसांचे आवाज कानी पडू लागेपर्यंत आणखी दोन-चार दिवस जातात. तिशीत ही तूट भरून निघते. सत्तरीत सकाळचे दोन-तीन तासच काय ते कामाचे उरलेले असतात. ते प्रवासात गेले म्हणजे दिवस गेला.

या प्रश्नास दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक पक्ष म्हणतो, की ग्रंथकार हा समाजाचा ऋणी आहे, त्याने लोकांत मिसळावे, बोलावतील तेथे जावे, आडगावच्या वाचकासही आपले दर्शन द्यावे. दुसरा पक्ष म्हणतो, की ग्रंथकाराचे समाजकार्य म्हणजे ग्रंथ. बाकी सर्व उपाधी, ती टाळावी. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दोन्ही पक्ष सभा आणि एकांत या दोन गोष्टी परस्परांच्या वैरी आहेत असे गृहीत धरून चालतात, आणि मग वाद केवळ वाटणीचा उरतो : किती दिवस इकडे, किती तिकडे. हे गृहीतच तपासून पाहावयाचे असेल, तर मराठीतील एका जुन्या ग्रंथाची साक्ष काढणे उपयुक्त होईल. तो ग्रंथ म्हणजे दासबोध. त्याचा कर्ता आमच्याच जिल्ह्यातील, घनसावंगी तालुक्यातील जांब गावचा, हे एक निमित्त. परंतु खरे कारण असे, की लोकसमुदायात वावरणे आणि एकांतात लिहिणे या दोहोंचा इतका व्यवहारी विचार केलेला दुसरा मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

समर्थ रामदासांचे चरित्र वाचकांस ठाऊक आहे, म्हणून प्रस्तुत विषयापुरतेच सांगतो. शके १५३०, म्हणजे १६०८ साली जांबेस ठोसरांच्या घरात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी घर सुटले. बारा वर्षे नाशिकजवळ टाकळी येथे तपश्चर्येत गेली, पुढील बारा तीर्थाटनात. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले, आणि १६४८ साली चाफळास रामाचे देऊळ उभे राहिले. मठ वाढले, शिष्य वाढले, उत्सवास दूरदूरचे लोक येऊ लागले. ज्यास आपण आज सार्वजनिक जीवन म्हणतो, ते त्यांच्या वाट्यास पुरेपूर आले होते. आता ग्रंथाकडे वळू. दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे. हिशेब केला म्हणजे शके १५८१, अर्थात १६५९ साल येते. त्या वेळी ग्रंथकाराचे वय एक्कावन्न वर्षांचे होते. 'एकवीस समासी' अथवा 'जुना दासबोध' या नावाने ओळखली जाणारी लहान रचना निराळी आहे. परंतु ज्यास आपण दासबोध म्हणतो, त्या वीस दशकांच्या व दोनशे समासांच्या ग्रंथाचा बराच मोठा भाग पन्नाशी उलटल्यानंतरचा असावा, असे या उल्लेखावरून अनुमान निघते. म्हणजे लोकांची गर्दी सर्वांत अधिक त्याच काळात लेखनही सर्वांत अधिक, असा हा प्रकार आहे. तो साधला कसा?

त्याचे पहिले उत्तर ग्रंथाच्या पहिल्याच ओवीत आहे. बहुतेक ग्रंथकार आरंभी स्वतः बोलू लागतात. येथे आधी श्रोते बोलतात. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, हा वाचून काय मिळते, असे ते विचारतात, आणि त्या प्रश्नास उत्तर म्हणून ग्रंथ सुरू होतो. पुढेही श्रोत्याची आशंका आणि वक्त्याचे निरसन अशीच रचना ठिकठिकाणी दिसते. ही केवळ जुनी रूढी आहे असे म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या आशंका दासबोधात येतात त्या पुष्कळदा इतक्या अडाणी, इतक्या हट्टी आणि इतक्या खऱ्या आहेत, की त्या खोलीत बसून सुचणे कठीण. सगळे ब्रह्मच असेल तर मग हा खटाटोप कशासाठी, अशा जातीचा प्रश्न विचारणारा मनुष्य समर्थांनी देवळाच्या ओसरीवर, कीर्तनाच्या गर्दीत, भिक्षेच्या फेरीत कोठेतरी पाहिलेला असला पाहिजे. सारांश, सभेने या ग्रंथास त्याची पद्धतच दिली आहे. श्रोते वजा केले तर दासबोधातील वेदान्त कदाचित शिल्लक राहील. पण त्याचा रोखठोकपणा राहणार नाही.

या लाभाबरोबर एक हानीही झाली आहे, आणि ती टीकाकाराने लपविता कामा नये. दासबोधात पुनरुक्ती फार आहे. तोच विचार थोड्या फरकाने चार ठिकाणी येतो, याद्या लांबतात, यमकासाठी शब्द ओढले जातात. ही सारी बोलण्याच्या सवयीची चिन्हे होत. समोर बसलेला मनुष्य डुलकी घेतो, त्यास जागे करण्यासाठी वक्ता तेच पुन्हा सांगतो. वाचकास मात्र पान मागे उलटता येते, म्हणून त्यास तेच दुसऱ्यांदा नको असते. सभेत वाढलेल्या लेखणीचा गुण आणि दोष या ग्रंथात शेजारी शेजारी दिसतात. जे ग्रंथकार आयुष्यभर व्यासपीठावर बोलतात, त्यांचे उत्तरकालीन गद्य पाहिले असता त्यात टाळ्यांसाठी थांबलेली वाक्ये सापडतात. त्याचे कारण हेच.

समर्थांस सभेचे हे दुसरे अंग दिसत नव्हते असे नाही. पहिल्या दशकात श्रोत्यांचे स्तवन आहे व सभेचेही स्तवन आहे. अठराव्या दशकाच्या अखेरीस मात्र 'श्रोता अवलक्षण' या नावाचा समास आहे, आणि त्यात आळस, जांभया व झोप यांची जी झाडाझडती घेतली आहे, ती वाचून आजच्या कोणत्याही व्याख्यात्यास आपल्या समोरची मागली रांग आठवावी. ग्रंथाचा क्रम तोच काळाचा क्रम असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्याने सभेस वंदन केले, त्यानेच तिची अवलक्षणे इतक्या बारकाईने टिपली, यावरून एवढे निश्चित होते की त्याची सभेवरील भक्ती आंधळी नव्हती.

अकराव्या दशकाचा अखेरचा समास 'निस्पृह वर्तणूक' हा आमच्या विषयाचा गाभा होय. त्यातील उपदेशाचा आशय असा : ठिकठिकाणी भजन सुरू करून द्यावे, आणि ते सुरू झाले की आपण तेथून निसटावे, मत्सराचा व मतामतांचा गुंता स्वतःस लागू देऊ नये, जेथे कोणी पाहत नाही अशा खनाळात जाऊन राहावे, आणि तेथे राहून सर्वांची काळजी वाहावी. हाच समास पुढे सांगतो, की महंताने दुसरे महंत तयार करून त्यांस नाना देशी पाठवावे. येथे लोकांत जाणे आहे व लोकांपासून दूर होणेही आहे, पण ती दोन परस्परविरुद्ध कर्तव्ये नाहीत. एकाच कामाच्या आधीच्या व नंतरच्या पायऱ्या आहेत. जाण्याचा हेतू असा, की आपल्यावाचून काम चालावे. ज्या ठिकाणी आपल्यावाचून चालत नाही अशी स्थिती आपण होऊन निर्माण केली, तेथे आपले जाणे फसले, असे या उपदेशाचे तात्पर्य आम्ही घेतो.

ग्रंथकाराने खनाळात जाऊन करावयाचे काय, हेही याच ग्रंथात आहे. महंताची लक्षणे सांगणारा समास शुद्ध व नेटके लिहिणे, लिहिलेले शोधून दुरुस्त करणे, येथपासून आरंभ करतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास तर लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींचा सरळपणा, शाई, लेखणी, कागद यांचा त्यात इतका बारीक विचार केला आहे, की तो एखाद्या फडावरील कारकुनाने लिहिला असावा असे वाटते. तारुण्यात फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येणार नाही, ही सूचना त्यातलीच. पानाभोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षरास धक्का लागणार नाही, ही दुसरी. पोथी आपल्यामागे उरावयाची आहे, ही जाणीव या सूचनांत सर्वत्र आहे. पोथीस उंदीर, वाळवी व ओल यांपासून सांभाळणारा मनुष्य तीस आपला प्रतिनिधी मानीत असला पाहिजे.

समर्थांचे उत्तरायुष्य या उपदेशास धरूनच गेलेले दिसते. दासबोधाचे लेखन शिवथरच्या घळीत झाले व कल्याणस्वामींनी ते लिहून घेतले, असे परंपरा मानते. चाफळच्या उत्सवाची व्यवस्था दिवाकर गोसाव्यांसारख्या शिष्यांवर सोपविलेली होती. १६७६ साली ते सज्जनगडावर राहावयास गेले, आणि १६८२ च्या आरंभी तेथेच त्यांचा देह पडला. देह गेल्यावर आत्माराम व दासबोध हेच आपले स्वरूप समजावे, असे त्यांनी शिष्यांस सांगितल्याची सांप्रदायिक परंपरा आहे. ती शब्दशः खरी धरा अथवा न धरा. ग्रंथाने पुढे तेच केले. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची म्हणून सांभाळलेल्या प्रतीवरून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली दासबोध छापून प्रसिद्ध केला, तेव्हा ग्रंथकारास जाऊन सव्वादोनशे वर्षे होत आली होती. समर्थ ज्या सभांत बोलले, त्यांतील एकीचाही वृत्तांत आज आपणांस वाचावयास मिळत नाही. पोथी मिळते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सबळ आहे. समर्थ विरक्त होते. त्यांच्यामागे संप्रदाय होता, कामे वाटून घेणारे शिष्य होते. आजच्या ग्रंथकारास घर आहे, औषधपाण्याचा खर्च आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आसपास निघते, आणि व्याख्यानाच्या मानधनाचे त्यास महत्त्व वाटले तर त्यात लाजिरवाणे काही नाही. शिवाय म्हातारपणी माणसे तुटत जातात. सोबती एकेक करून निघून जातात. अशा वेळी कोणी हार घेऊन आले, दोन तास चारचौघांत बसविले, तर त्याचा मोह पडू नये असे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. हे सारे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आम्ही सभा वर्ज्य करा असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जिला सभा म्हणतात त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. एका सभेत ग्रंथकारास प्रश्न विचारले जातात, दुसरीत त्यास हार घातले जातात. पहिलीतून तो काहीतरी घेऊन परततो, आणि ते पुढील पानात उतरते. दुसरीतून तो शाल आणि नारळ घेऊन परततो. दासबोध पहिल्या सभेचे अपत्य आहे.

मराठीतील अलीकडची काही उदाहरणे या भेदास पुष्टी देतात. आचार्य अत्रे (१८९८–१९६९) यांच्याइतका सभेचा मनुष्य आपल्या वाङ्मयात दुसरा दाखविणे कठीण. त्यांच्या विनोदाचा जिवंतपणा सभेतूनच आला, हे नाकारता येत नाही; पण 'कऱ्हेचे पाणी' हे त्यांचे विस्तृत आत्मचरित्र पाच खंडांनंतरही अपुरे राहिले, हेही तितकेच खरे. उलट टोकास जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७). धारवाडास राहून त्यांनी समारंभ कटाक्षाने टाळले. परंतु त्यांस श्रोता नकोच होता, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. सुनीता देशपांडे यांना व इतरांना त्यांनी लिहिलेली पत्रे त्यांच्या पश्चात खंडशः प्रसिद्ध झाली. ती वाचली म्हणजे कळते की प्रश्न विचारणारा, उलट बोलणारा एक श्रोता त्यांसही हवाच होता. त्यांनी तो टपालाने मिळविला, एवढेच. गर्दी टाळणे आणि संवाद टाळणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची गोष्ट याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकार प्रथम जमले, ते आपसांत विचारविनिमय करण्याकरिता. पुढे त्यास उत्सवाचे रूप आले, आणि अध्यक्षपदाची निवडणूक होऊ लागल्यावर साठी-सत्तरीतील ग्रंथकारांवर मतांसाठी गावोगाव फिरण्याचा प्रसंग येऊ लागला. विंदा करंदीकरांसारखा श्रेष्ठ कवी त्या पदावर कधीच बसला नाही. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून निवडणूक जाऊन सन्मानपूर्वक निवड होऊ लागली, ही सुधारणा स्तुत्य होय. याच नव्या रीतीने आमच्या जालन्यात १९५१ साली जन्मलेले कथाकार भारत सासणे २०२२ साली उदगीरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. आयुष्याची उमेदीची वर्षे शासकीय सेवेत घालवून लिहीत राहिलेल्या लेखकास तो मान मतांची याचना न करता मिळाला, याचे समाधान वाटते. परंतु उपस्थितीचा आग्रह अद्याप गेलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर त्र्याऐंशी वर्षांचे होते. प्रकृतीमुळे ते मांडवात येऊ शकले नाहीत, त्यांचे भाषण मात्र संमेलनापुढे आले. त्या वेळी नाराजीचेही सूर उमटले. आम्हांस ती नाराजी समजत नाही. ज्याने मराठीत विज्ञानकथेस प्रतिष्ठा मिळवून दिली, 'चार नगरांतले माझे विश्व' लिहून आपले आयुष्य वाचकांच्या हाती ठेवले, आणि आपला विचारही सभेस कळविला, त्याच्याकडून आणखी काय हवे होते? भाषण आले होते. उरली होती ती फक्त खुर्ची.

म्हणून या प्रश्नाचा निर्णय एकट्या ग्रंथकारावर सोपविणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. नकार देणे म्हाताऱ्या माणसास जड जाते. आपण गर्विष्ठ ठरू, लोक विसरतील, पुन्हा बोलावणार नाहीत, ही भीती त्यास असते आणि ती अगदीच निराधार नसते. निमंत्रण देणाऱ्यांनी, म्हणजे वाचनालये, साहित्य परिषदांच्या शाखा व आमच्यासारख्यांची महाविद्यालये यांनी, आधी स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. या ग्रंथकाराची किती पुस्तके आपल्या कपाटात आहेत? आणि ती वाचून त्यास विचारावे असे आपणांपैकी किती जणांजवळ काय आहे? दुसऱ्या प्रश्नास उत्तर असेल तर त्यास जरूर बोलवावे. समारंभ लहान करावा, प्रास्ताविके व आभार आटोपते घ्यावेत, आणि त्याचे भाषण ऐकण्याऐवजी त्याच्या पुस्तकावर त्याच्याशी भांडावे. ते शक्य नसेल तर प्रवासखर्चाच्या व मानधनाच्या रकमेत त्याची पुस्तके विकत घेऊन गावात वाटावीत. ग्रंथकाराची मिळकत बुडणार नाही, आणि त्याचे तीन दिवस त्याच्याजवळ राहतील.

ग्रंथकारास सांगावयाचे ते थोडे आहे. महंताने आपल्यासारखे महंत करून नाना देशी पाठवावे, असे जांबेच्या सत्पुरुषाने म्हटले. आजच्या लेखकाजवळ शिष्य नाहीत. पण त्याचा प्रत्येक पुरा झालेला ग्रंथ हा असा महंतच आहे. तो घनसावंगीस जातो, परतूरास जातो, भोकरदनच्या एखाद्या शाळेच्या पेटीत वर्षानुवर्षे वाट पाहत पडून राहतो, आणि वाचक आला म्हणजे जागा होतो. त्यास प्रवासाचा शीण होत नाही. अपुरा राहिलेला ग्रंथ मात्र कोठेच जाऊ शकत नाही, आणि तो पुरा करणारा जगात एकच मनुष्य असतो. पुढचे निमंत्रणपत्र हाती येईल तेव्हा उतारवयातील ग्रंथकाराने मेजावरील अर्धवट प्रकरणाकडे एकदा पाहावे व मग उत्तर लिहावयास बसावे, एवढीच आमची विनंती आहे.